तरंगला म्हणून प्लास्टिक, बुडाला म्हणून शुद्ध?

हा मेसेज गेल्या महिन्यात आधी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि तिसऱ्या दिवशी अक्कलकोटहून नणंदेनं पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात तो असा:

‘लॅबची गरज नाही! निसर्गानं प्रत्येक शुद्ध वस्तूला एक खूण दिली आहे. पाण्यात तरंगला तो तांदूळ प्लास्टिकचा. ग्लासच्या तळाशी गेला तो मध शुद्ध, आणि पेटला तर शंभर टक्के शुद्ध. साबणाच्या पाण्यानं लाल झाली ती हळद केमिकलची, तळाशी बसली ती शुद्ध. तळहातावर वितळलं ते तूप अस्सल. काचेवर पांढरा माग ठेवतं ते दूध शुद्ध. चुंबकाला चिकटत नाही ते सोनं खरं. जळून राख होते ती चादर अस्सल सोलापुरी. सगळ्यांना पाठवा.’

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पदार्थ ओळखायचा तो त्याच्या गुणधर्मांवरूनच, हे मीच मुलांना फळ्यावर लिहून देते. घनता, द्रवणांक, विद्राव्यता, जळल्यावर काय होतं, आम्ल टाकल्यावर काय होतं. मेसेजची भाषाही तीच आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. पण त्यात जे सांगितलंय त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, काही तर धोक्याचं आहे, आणि त्याचा फटका कुणाला बसतो हे मी माझ्या वर्गात पाहिलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

तांदळापासूनच सुरू करते, कारण हे सगळं तिथूनच सुरू झालं.

आठवीतल्या एका मुलीनं रुमालाच्या टोकाला गाठ मारून वीस-पंचवीस दाणे आणले. ‘मॅडम, हे प्लास्टिकचे आहेत. आईनं वेचून काढलेत.’ तिची आई विड्या वळते. मेसेज वाचून तिनं रेशनचा तांदूळ परातीत पाण्यात घातला, काही दाणे वर आले, आणि तिनं घरात असलेला सगळा तांदूळ शेजारच्या शेळ्यांपुढे ओतला. नंतर ती शाळेत आली तेव्हा मला म्हणाली, ‘लेकरांच्या पोटात प्लास्टिक कसं घालू, मॅडम, तुम्हीच सांगा की.’ त्या बाईची काळजी शंभर टक्के खरी होती, आणि तिला मिळालेली माहिती तितकीच खोटी.

ते दाणे आम्ही प्रयोगशाळेत नेले. नेहमीच्या तांदळापेक्षा ते खरंच वेगळे दिसत होते. जरा जाडसर, अपारदर्शक, किंचित पिवळट, आणि तांदळाच्या टोकाला अंकुराची जी बारीक खाच असते ती त्यांना नव्हती. बीकरमधल्या पाण्यात टाकले तर निम्मे तरंगले. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांबा. दहा-बारा मिनिटांत एकेक करत बहुतेक दाणे तळाशी गेले. आत हवा होती, पाणी शिरलं तशी ती निघाली. पॉलिथिनचा तुकडा वर्षभर पाण्यात ठेवला तरी असा बुडत नाही.

मग खलात एक दाणा चेचला, त्याचं पीठ झालं. एक चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर नेला, तो काळा पडला आणि तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला. शेजारी दुधाच्या पिशवीचा तुकडा धरला. तो आधी आकसला, मग वितळून थेंबथेंब गळायला लागला, आणि विझलेल्या मेणबत्तीसारखा वास सुटला. मुलांना सांगावं लागलं नाही. त्या पिठावर आयोडीनचा थेंब टाकला, निळाकाळा रंग आला, म्हणजे स्टार्च. प्लास्टिकवर तो थेंब तपकिरीच राहिला.

शेवटची चाचणी मी मुद्दाम मागे ठेवली होती. एका चिनीमातीच्या बशीत साधे दाणे, दुसरीत ते ‘प्लास्टिकचे’ दाणे. दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब. साधे दाणे जवळजवळ तसेच राहिले. दुसऱ्या बशीतले दाणे लाल झाले, गडद लाल. हा रंग लोहाचा. त्या दाण्यांत लोह होतं.

आणि ते असायलाच हवं होतं. गेल्या काही वर्षांत रेशनवर, अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारात जो तांदूळ दिला गेला तो फोर्टिफाइड, म्हणजे पोषक द्रव्यं मुद्दाम घातलेला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं होतं की २०२४ पर्यंत सरकारी योजनांमधला सगळा तांदूळ असा देऊ. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ मिसळतात, ते यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात टाकतात. हेतू रक्तक्षय कमी करण्याचा. म्हणजे त्या आईनं परातीतून वेचून बाजूला काढलं ते नेमकं तिच्या मुलीसाठी घातलेलं लोह होतं.

आता ‘तरंगतं ते प्लास्टिक’ या वाक्याकडे पुन्हा बघा. घरी हा प्रयोग आजच करून पाहता येईल. पाण्याची रिकामी बाटली घ्या. बाटलीचा एक तुकडा कापा, झाकणाचा एक तुकडा कापा, दोन्ही पाण्यात टाकून बोटानं दाबून त्यांना चिकटलेले बुडबुडे काढा. झाकण तरंगेल, बाटली बुडेल. दोन्ही प्लास्टिकच. बाटली पीईटीची, पाण्याची घनता १ धरली तर तिची १.३८ च्या आसपास. झाकण पॉलिथिनचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, घनता एकापेक्षा कमी. पाण्याच्या पाइपाचं पीव्हीसीसुद्धा बुडतं. तेव्हा तरंगणं ही प्लास्टिकची खूण नाही आणि बुडणं ही तांदळाची खूण नाही. पोचट भात, किडलेला दाणा, फोर्टिफाइड दाणा, सगळे तरंगतात. शिवाय रेशनचा तांदूळ २०२३ पासून फुकट मिळतो. त्यात त्याच्यापेक्षा महाग प्लास्टिक मिसळून कुणाचा फायदा होणार, हा साधा हिशोबही कुणी केला नाही.

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथंच दिसते. तो विचारतो, ‘हे शुद्ध आहे का?’ गुणधर्माला हा प्रश्न विचारता येत नाही. गुणधर्म फार छोट्या प्रश्नाला उत्तर देतो: ‘यात स्टार्च आहे का? यात लोह आहे का? हे पाण्यापेक्षा जड आहे का?’ भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं घरगुती चाचण्यांची ‘डार्ट’ नावाची पुस्तिका काढली आहे. ती उघडून बघा. तिथं प्रत्येक चाचणीच्या डोक्यावर आधी भेसळीचं नाव असतं: दुधातला स्टार्च, दुधातला युरिया. ती वस्तू सापडली तर काय दिसेल, नाही सापडली तर काय दिसेल, एवढंच. मेसेजनं यातल्याच काही चाचण्या उचलल्या, वरचं नाव पुसलं आणि तिथं ‘शुद्ध’ लिहिलं.

हळदीच्या बाबतीत तर याचं नुकसान जिवावर बेतणारं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

‘साबणाच्या पाण्यानं लाल झाली ती केमिकलची.’ ज्या घरात कधी हळदीचे हात पदराला पुसले गेलेत, त्या घरात याचं उत्तर ठाऊक आहे. भाजीचा पिवळा डाग साबण लावल्यावर लाल होतो, खळखळून धुऊन लिंबू चोळलं की पुन्हा पिवळा होतो. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं आणि आम्लारीत तांबडं दिसतं. म्हणून तर हळदीचा कागद आम्ही शाळेत दर्शक म्हणून वापरतो. आपल्या जिल्ह्यातलं करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. पारंपरिक कुंकू मुळात हळदीचंच. हळदीला चुन्यासारखं आम्लारी द्रव्य लागलं की ती लाल होते, या एका रासायनिक गुणधर्मावर ते उभं आहे. जी हळद साबणानं लाल होते ती हळद आहे, एवढंच त्या चाचणीतून कळतं. उलट एखादी पिवळी पूड साबणानं अजिबात लाल झाली नाही तर मला शंका येईल. मेसेजनं लोकांना अगदी उलटं शिकवलं.

दुसरं वाक्य याहून वाईट. ‘तळाशी बसली ती शुद्ध.’ हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात मिसळली जाणारी सगळ्यात घातक वस्तू म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं पिवळं रंगद्रव्य. ते पाण्यात विरघळत नाही. त्याची घनता पाण्याच्या सहापट. ते ग्लासात टाकलं की निमूट तळाशी जाऊन बसतं आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. म्हणजे मेसेजच्या परीक्षेत शिसं घातलेली हळद पहिल्या नंबरानं पास होते. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर जे परिणाम करतं ते नंतर औषधानं भरून येत नाहीत. बांगलादेशात हळदीत हे रंगद्रव्य घातलं जातं हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, त्यानंतर तिथल्या सरकारनं बाजारांवर धाडी टाकल्या. ही ऐकीव गोष्ट नाही.

मेटॅनिल यलो हा दुसरा रंग मात्र पाण्यात विरघळतो, आणि त्याची खरी चाचणी वेगळी आहे. हळदीच्या अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर गुलाबी रंग येतो. पण तो नुसत्या हळदीलाही येतो! फरक पुढच्या पायरीत आहे. पाणी घालून पातळ केल्यावर रंग गेला तर तो हळदीचा, टिकला तर मेटॅनिल यलोचा. ही पुढची पायरी गाळली की चाचणी उलटी फिरते. आणि हे आम्ल घरी आणू नका. संडास धुण्याच्या बाटलीत तेच असतं म्हणून ते ओट्यावर आणून हळदीवर टाकणारे व्हिडिओ मी पाहिलेत. ते मुलांच्या हाताशी येईल असं करू नका.

मधाकडे येऊ. मधाचा थेंब तळाशी जातो कारण मधाची घनता १.४ च्या आसपास असते. ती मधाच्या शुद्धतेमुळे नाही, त्यातल्या साखरेमुळे आहे, कारण मध म्हणजे बहुतांशी साखर आणि पाचवा हिस्साही नाही इतकं पाणी. आमच्याकडे गुऱ्हाळातून आणलेली काकवी होती. मी दोन ग्लास घेतले, एकात मधाचा थेंब सोडला, दुसऱ्यात काकवीचा. दोन्ही सारखेच दोरीसारखे लांबत खाली गेले आणि तळाशी बसले. चमच्यानं ढवळल्यावर दोन्ही विरघळले. रंग झाकला असता तर मलाही सांगता आलं नसतं. कापसाची वात बुडवून पेटवली तर मधाचीही पेटली आणि काकवीचीही. ज्योत पेटते की नाही हे पाण्याच्या प्रमाणावर ठरतं. पातळ केलेला मध पेटणार नाही, आटवलेला साखरेचा पाक पेटेल. आणि पेटवला की जे उरतं तो मध राहत नाही, तपासायला दुसरं काही शिल्लक राहत नाही.

अशाच मेसेजच्या जोरावर लोक दाणेदार झालेला मध परत करतात, हेही सांगायला हवं. मधातलं ग्लुकोज थंडीत स्फटिक धरतं. सूर्यफुलाचा मध तर फार लवकर गोठतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. त्यात साखर घातली म्हणून तो दाणेदार होतो, हा समज निव्वळ चुकीचा.

मग मधातली भेसळ पकडतात कशी? ही गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात आपला ऊस येतो. ऊस, मका आणि आपली ज्वारी ही पिकं हवेतला कार्बन ज्या पद्धतीनं घेतात, ती बहुतेक फुलझाडांहून वेगळी आहे. त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ हा जड कार्बन किंचित जास्त असतो. मधमाश्या जिथून मकरंद आणतात ती बहुतेक झाडं दुसऱ्या गटातली. मधात उसाचा पाक मिसळला की कार्बनचं हे प्रमाण सरकतं आणि यंत्राला कळतं. चव, रंग, घनता सगळं सारखं असूनही. पण तांदूळ आणि बीट हे फुलझाडांच्याच गटात बसतात, म्हणून तांदळाच्या पाकाची भेसळ ही चाचणी चुकवते. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचे मध तपासले. इथल्या ठरलेल्या चाचण्यांतून बहुतेक पार पडले, पण जर्मनीतल्या प्रयोगशाळेत न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सची चाचणी धरली तेव्हा सगळ्या चाचण्या पार करणारे फक्त तीन उरले. जिथं नावाजलेल्या चाचण्यांना बगल देणारे पाक तयार होतात, तिथं पाण्याचा ग्लास काय पकडणार?

सोन्याचं थोडक्यात. चुंबकाला जोरात चिकटलं तर ते सोनं नाही, इथवर ठीक. पण चिकटलं नाही म्हणून सोनं? तांबं, पितळ, चांदी, शिसं, ॲल्युमिनियम, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. बाजारातला बहुतेक खोटा दागिना पितळेचा किंवा तांब्याचाच असतो. वर साखळीच्या हुकातली बारीक स्प्रिंग पुष्कळदा स्टीलची असते, ती चिकटते, आणि खऱ्या सोन्याच्या साखळीवरून घरात भांडण होतं. वजन-आकारमानाची चाचणी बरीच चांगली, कारण सोन्याची घनता १९.३, चांदीची साडेदहा, तांब्याची नऊच्या आत. पण टंगस्टनची घनता सोन्याइतकीच आहे, आणि आत टंगस्टन भरून वर सोनं चढवलं तर तराजू फसतो. जुने सराफ काळ्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर आम्ल टाकतात आणि ती रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशी ताडून बघतात. आपल्या भाषेतला कसोटी हा शब्द त्याच दगडाचा. त्यात रंग, आम्लाची क्रिया आणि तुलना, असे तीन साक्षीदार एकत्र येतात, आणि तरीही तो दगड फक्त वरच्या थराबद्दल बोलतो. तेव्हा ग्राहकानं दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बघावा आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पडताळावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा नवा दागिना त्या क्रमांकाशिवाय विकता येत नाही.

तुपाची तळहातावरची चाचणी सोलापुरात कुणी सांगावी याचंच मला नवल वाटतं. इथं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, डब्यातलं तूप आपोआप तेलासारखं होतं. तळहात साधारण ३२ ते ३४ अंशांचा. तूप याच्याच आसपास वितळतं. आणि वनस्पती तुपाचा द्रवणांक नियमानं ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे दोघांच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत. जिथं मर्यादा चढतात तिथं त्या एका गुणधर्मावरून दोघांत निवड करता येत नाही.

पण वनस्पती पकडायची एक फार शहाणी व्यवस्था आपल्या कायद्यातच आहे, आणि ती लोकांना माहीत नाही. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती आहे. चवीसाठी नाही, पकडता यावं म्हणून! वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर टाकून हलवलं, की तिळाच्या तेलातला एक घटक गुलाबी-किरमिजी रंग देतो. याला बॉडवँची चाचणी म्हणतात. शुद्ध तुपात हा रंग येत नाही. पण पाम तेल मिसळलं असेल तर हीच चाचणी गप्प राहते, कारण तिला फक्त तीळ ओळखता येतो. म्हणून प्रयोगशाळेत रिकर्ट-माइसल मूल्यही काढतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी उडून जाणारी आम्लं असतात, ती वनस्पती तेलात जवळजवळ नसतात, त्यांचं ते मोजमाप. त्यातही गंमत अशी की सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हे मूल्य मुळातच कमी येतं. कापूस पिकणाऱ्या पट्ट्यांसाठी नियमांत वेगळी मर्यादा ठेवावी लागली ती यामुळे. शुद्ध तूपसुद्धा गाय काय खाते यावर बदलतं.

दुधाच्या थेंबाची चाचणी खरी आहे, ती ‘डार्ट’मध्येही आहे. पण ती पाणी घातल्याचं सांगते, दुसरं काही नाही. स्टार्च किंवा दूध पावडर घालून दाट केलेलं दूध काचेवर छान माग ठेवतं. लॅक्टोमीटरचंही तसंच. साय काढली की दुधाची घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते. दोन्ही केलं की लॅक्टोमीटर पुन्हा बरोबर जागेवर येऊन उभा राहतो. युरियाची शंका असेल तर मात्र घरातली तूर उपयोगी पडते. चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून चांगलं हलवा, पाच मिनिटांनी त्यात लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर युरिया घातलेला असू शकतो. तुरीतलं विकर युरिया फोडून अमोनिया करतं, आणि अमोनिया लिटमसला निळं करतो. दुधात थोडा युरिया मुळातच असतो, किलोला ७०० मिलिग्रॅमपर्यंत तो नियमात बसतो, म्हणून फिकट छटेवरून गवळ्याला चोर ठरवू नका.

आता चादर. इथं मला सोलापूरकर म्हणून बोलायचंय.

मेसेज म्हणतो, जळून राख झाली ती अस्सल सोलापुरी. जळण्याची चाचणी आम्ही दरवर्षी मुलांकडून करून घेतो आणि ती अगदी छान चालते. सुती धागा चटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, विझल्यावर टोक क्षणभर निखाऱ्यासारखं लाल राहतं, आणि राख बोटांत धरली की करडी पूड होते. पॉलिस्टर ज्योतीपासून मागे पळतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी कडक मणी उरतो, तो नखानं फुटत नाही. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो. तर राख झाली म्हणजे धागा सुती, किंवा व्हिस्कोजचा, कारण व्हिस्कोजही सेल्युलोजच, ते तसंच जळतं. धागा कापसाचा आहे इथवर ज्योत सांगू शकते. तो कुठल्या मागावर विणला हे तिला कसं कळणार? भिवंडीत विणलेली सुती चादर आणि सोलापुरात जकार्डवर विणलेली सुती चादर, दोन्हींची राख सारखीच. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. ते मिळालं कारण गाव, कारागिरी आणि विणण्याची रीत हे पदार्थाचे गुणधर्म नाहीत, ते कागदावर आणि माणसांच्या साक्षीनंच जपावे लागतात. ज्या चादरीची शंका आहे तिचा कोपरा जाळू नका. शिक्का, लेबल आणि पावती बघा.

शंका खरीच असेल तर काय करायचं? अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चं कलम ४० सामान्य ग्राहकाला हक्क देतं. विकत घेताना दुकानदाराला सांगून, शुल्क भरून, तुम्ही स्वतः पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. नमुना दोषी निघाला तर शुल्क परत मिळतं. या कलमाचा मेसेज मला आजवर एकानंही पाठवलेला नाही. आमच्या पेठेतल्या एका किराणा दुकानदाराला त्या तांदळावरून चार बायकांनी दारात उभं राहून सुनावलं, आणि त्याच्याकडे तर रेशनचा तांदूळ नव्हताच. त्यांनाही माहीत असतं तर त्या दुकानदाराशी भांडल्या नसत्या, नमुना पाठवला असता.

त्या मुलीची आई शनिवारी शाळेत आली. तिच्यासमोर मी पुन्हा सगळं केलं. आधी दुधाची पिशवी जाळली, मग दाणा, मग आयोडीन. लाल रंग आल्यावर तिनं विचारलं, ‘हे लाल म्हणजे रक्ताचं औषध का?’ मी म्हटलं, हो, गोळीत असतं तेच लोह, थोडं थोडं. ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली. मग तिनं ज्या घरी शेळ्या आहेत त्यांच्याकडे तांदूळ उरलाय का ते विचारायला मुलीला पळवलं.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर मी प्रयोगशाळेत असते. आमच्या पालकांपैकी कुणालाही शंका असेल तर या, आयोडीन आणि थायोसायनेट तयार आहे. फक्त दाणे वेचून आणू नका. मूठभर तांदूळ घरात जसा आहे तसाच आणा, म्हणजे शंभरात किती दाणे लाल होतात ते आपण मोजू.